ग्रुपची सावड

किस्से गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं एका सतरंजीवर बसली की दाराशी चपला साठतात, तसे ते साठतात. आणि उठताना कोण कोणाची घालून गेला ते कळत नाही. त्यामुळे खालचा एखादा किस्सा तुमच्या गावचा वाटला तर खुशाल घेऊन जा.

आमचं गाव नेरळहून पोशीरकडे जाताना लागतं. नाव लिहीत नाही, गावानेच तसं सांगितलंय. पक्षांची नावंही लिहीत नाही. ती लिहिली की परत सुरू होईल.

*

गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तो मंदाताईने काढला. मंदाताई म्हणजे आमची आशाताई. डॉक्टर कधी येणार, बाळांना डोस कधी, हे घरोघर सांगत फिरण्यापेक्षा एकदा लिहिलेलं बरं, एवढाच तिचा विचार. सुरुवातीला फार छान चाललं होतं. लाईट जाणार आहे, शाळेमागे साप निघालाय, अमक्याकडे मुलगी झाली. मग निवडणूक आली.

एके दिवशी किसनची म्हैस हरवली. किसन नेरळ स्टेशनवर रिक्षा चालवतो. त्याने ग्रुपवर म्हशीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, दिसल्यास कळवा. पहिलं उत्तर आलं दुकानदार रघुनाथचं. तुमच्या पक्षाच्या राज्यात माणसांचा पत्ता लागत नाही, म्हशीचं काय घेऊन बसलात! झालं. किसन म्हैस विसरला आणि उत्तर लिहायला बसला. मग याने त्याला, त्याने याला. म्हैस कोणत्या पक्षाची, यावरही दोन मतं आली.

दिवस मावळायला म्हैस आपली आपण घरी आली आणि अंगणात उभी राहून हंबरायला लागली. किसन फोन घेऊनच बाहेर आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "थांब गं जरा, याला एवढं उत्तर देतो."

*

हसण्यावारी गेलं ते गेलं. सगळंच जात नाही.

दत्तू माझा लहानपणापासूनचा सोबती. त्याचं शेत माझ्या बांधाला लागून. घर मात्र वरच्या आळीत, आणि माझं खालच्या आळीत, बुद्धविहाराजवळ. मी मोहोपाड्याच्या कंपनीतून रिटायर झालो तेव्हापासून तो रोज दुपार कलली की माझ्या ओट्यावर चहाला यायचा. त्याला साखरेचा आजार आहे. म्हणून माझी सून सुजाता त्याच्या कपात साखर घालताना हात आखडते. रोज पहिला घोट घेतला की तो आत बघून विचारायचा, "सुजे, साखर संपली का गं घरात?" आणि ती आतूनच म्हणायची, "संपली, आबा." मी बोलतो कमी. आमच्या दोघांचं बोलणं तोच बोलायचा.

दत्तूचा मुलगा नीलेश पंचायतीत निवडून आला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नळाला पाणी कमी झालं, आणि सुजाताने ग्रुपवर एक ओळ टाकली. "सदस्याच्या आळीला पाणी, आमच्या आळीला हवा." आमच्या घरात त्या ग्रुपचा फोन एकच, आणि तो माझ्या नावावर. म्हणजे गावाने वाचलं ते सितारामने, म्हणजे मी, लिहिलं म्हणून. तिच्या ओळीत खोटं काही नव्हतं. पण तिच्याखाली लोकांनी जे लिहिलं ते वाईट होतं. कोणी नीलेशला चोर म्हटलं, कोणी त्याच्या बापालाही ओढलं.

त्या दिवसापासून दत्तू चहाला आला नाही. लावणीलाही तो माझ्या शेतात आला नाही, मी त्याच्या गेलो नाही. दोघांनीही बाहेरून माणसं आणली.

ओळ मी लिहिली नाही हे मी त्याला कळवू शकलो असतो. पण मग सुनेचं नाव पुढे करावं लागलं असतं, आणि ती बोलली ते खरंच होतं. मी एकदोनदा त्याच्या घराकडे निघालोही. माझं असं आहे, चालता चालता वाक्य जमवतो. त्याचं घर येतं आणि वाक्य अजून अर्धंच असतं. मग मी वळतो.

सुजाताने आधणात एक कप पाणी जास्त टाकायचं काही सोडलं नाही. तो जास्तीचा चहा मी प्यायचो. अगोड.

*

लोक मंदाताईला म्हणाले, भांडणारे काढून टाक ना ग्रुपमधून. ती म्हणाली, "काढायला बसले तर निम्मं गाव जाईल. आणि उरलेल्या निम्म्याशी मलाच बोलायचं नाय."

मग ती खालापूरला कसल्याशा ट्रेनिंगला गेली. तिथे कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की काही देशांत अवघड प्रश्न आला की लोकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. नाव निघेल त्याने बसायचं, मग तो शिकलेला असो नसो. पुढाऱ्याने नाही, आवाज मोठा त्यानेही नाही. सगळ्यांनी दोन्ही बाजू ऐकायच्या, एकमेकांशी बोलायचं आणि काय ते ठरवायचं. इंटरनेटवरच्या ग्रुपांतली भांडणं सुधारायलाही असं करून बघायला हवं, असं त्यांचं मत.

मंदाताईने गावात येऊन हे सांगितलं तेव्हा रघुनाथ म्हणाला, एवढे मोठे देश आणि चिठ्ठ्या टाकतात? मंदाताई म्हणाली, "आपण भिशीला टाकतोच की."

प्रश्न ठरला : ग्रुपवर राजकारण बोलायचं का, आणि बोलायचं तर कसं. जागा ठरायलाच भांडण झालं. देवळाचा सभामंडप नको, विहार नको, पंचायतीचं ऑफिस तर नकोच. शेवटी एसटी थांब्यासमोरच्या शाळेचा व्हरांडा.

*

ग्रुपवर जी नावं दिसतात त्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या. आता त्या काढणार कोण? मंदाताईने डब्यात हात घातला तर मागून आवाज आला, डोळे उघडे आहेत. तिने डोळे मिटले, तर म्हणे मिटलेले वाटत नाहीत. ज्याचा कोणताच पक्ष नाही अशा माणसाने काढाव्यात असं ठरलं. गावभर शोधलं, असा माणूस निघेना. एक म्हातारे गृहस्थ निघाले, पण त्यांचा पक्ष आता अस्तित्वात नव्हता एवढंच.

तेवढ्यात नेरळची एसटी आली. ती आमच्या गावात आत वळून मग पोशीरकडे जाते, म्हणून जरा थांबते. कंडक्टर साताऱ्याकडचे. मंदाताई त्यांच्याकडे डबा घेऊन गेली. ते म्हणाले, "मला तुमच्यातलं कोण कुणाचं काय ठाऊक न्हाई. आणा इकडं." बसच्या पायरीवर उभे राहून त्यांनी एकेक चिठ्ठी काढली आणि बसथांब्याचं नाव पुकारावं तसं मोठ्याने वाचलं. प्रत्येक नावाला बसमधले लोक टाळ्या वाजवत होते. एक बाई पोशीरला उतरायच्या होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, गप बस रं, संपू दे.

गाडीला उशीर झाला. आम्हाला वाटलं, आता कंडक्टर परत असलं काही करायचे नाहीत. जाताना त्यांनी खिडकीतून विचारलं, "पुढची सभा कधी हाय? गाडी जरा लवकर आणतो."

चिठ्ठ्यांत माझं नाव आलं. मी सुजाताला म्हटलं, फोन तुझ्या हातात असतो, तूच बस. ती म्हणाली, "बाबा, लिवायचं काम माझं. बसायचं तुमचं."

दत्तूचं नाव आलं नाही. तो थांब्याजवळच्या उंबराखाली उभा होता. नावं संपली तसा गेला.

*

चिठ्ठीत निघतो तो फोन, माणूस नव्हे, हे आम्हाला सभेच्या दिवशी कळलं.

एक चिठ्ठी बाळारामच्या नावाची होती. ग्रुपवर सगळ्यात जहाल कोण, तर बाळाराम. भल्याभल्यांना त्याने गप्प केलेलं. पोरं त्याला उत्तरं देऊन थकलेली. एकाने तर लिहिलं होतं, हिंमत असेल तर समोर ये.

सभेला बाळाराम आला नाही. त्याची आई येसूबाई आली, काठी टेकत, फोन पदरात बांधून. मंदाताईने विचारलं, बाळाराम कुठे आहे? येसूबाई म्हणाली, तो मोहोपाड्याला ड्युटीवर. त्याला कुठली फुरसत? फोन माझ्यापाशी असतो. मी फोनशी बोलते, फोन आपोआप लिहितो.

येसूबाई सतरंजीवर टेकली, काठी बाजूला ठेवली आणि पोरांच्या रांगेकडे बघत म्हणाली, "कोण रं तो, समोर ये म्हणणारा? आले बग."

*

पहिला तास ग्रुपवर व्हायचं तेच व्हरांड्यात झालं. फक्त अंगठे न दुखता. मग त्या कॉलेजच्या बाई, ज्या मुद्दाम कर्जतहून आल्या होत्या, म्हणाल्या की एक नियम करून बघू. आपली बाजू मांडायच्या आधी समोरच्याची बाजू मांडायची. ती ऐकून समोरचा "बरोबर मांडलं" म्हणाला, तरच पुढे आपली. त्याच्या तोंडून ते येत नाही तोवर थांबायचं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. येसूबाई म्हणाली, "म्हंजे सावड."

आमच्याकडे लावणीला मजूर परवडत नाहीत, मिळतही नाहीत. म्हणून आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. त्याला सावड म्हणतात. दुसऱ्याच्या शेतात आवा, म्हणजे भाताची रोपं, वेडावाकडा लावून चालत नाही, कारण उद्या तो आपल्या शेतात असतो. एकदा तो शब्द आला आणि नियम सगळ्यांना कळला. बाईंनी तो शब्द लिहून घेतला.

पहिली सावड किसन आणि रघुनाथची. रघुनाथने किसनच्या पक्षाची बाजू मांडायला घेतली. आधी चेष्टेने बोलला, तर किसनने मान हलवली, बरोबर नाही. मग रघुनाथ जरा सरळ बोलला. मग आणखी सरळ. दुकानदार माणूस, माल कसा मांडायचा ते त्याला कळतं. शेवटी असा बोलला की मागची पोरंही पुढे सरकली. किसनचे डोळे भरून आले. म्हणाला, "बरोबर मांडलं. एवढं आमच्या उमेदवाराला पण जमलं नव्हतं."

मग मंदाताई म्हणाली, रघुनाथभाऊ, आता तुमची बाजू मांडा. रघुनाथ बराच वेळ डोकं खाजवत बसला. "थांब गं जरा," म्हणाला, "माझी काय होती ती आठवू दे."

*

या नियमाची एक खोड आहे, ती एका गृहस्थाने लगेच ओळखली. समोरच्याने कितीही चांगलं मांडलं तरी "बरोबर मांडलं" म्हणायचंच नाही. म्हणजे त्याला त्याची बाजू मांडायची पाळीच येत नाही. असे ते अडून बसले. एक शब्द इकडचा तिकडे झाला की, नाही, असं मी म्हटलंच नव्हतं.

मंदाताईने शाळेच्या खिचडीच्या चुलीवर जेवण करणाऱ्या बायकांना सांगितलं, की झाकण काढा. सुकटीचं कालवण होतं. वास व्हरांड्यात आला. ती म्हणाली, ही सावड संपली की पानं घेऊ.

गृहस्थ म्हणाले, "बरोबर मांडलं. पयल्यापास्नंच बरोबर मांडत होता."

*

सभेने राजकारण बंद केलं नाही. बंद केलं असतं तर लोक दुसरा ग्रुप काढून तिथे भांडले असते. ठरलं एवढंच, की ग्रुपवर कोणाला विरोध करायचा तर आधी त्याचं म्हणणं लिहायचं, "बरोबर मांडलं का" विचारायचं, मग आपलं. त्यामुळे भांडणं फार सावकाश व्हायला लागली. मला ती वाचता यायला लागली.

नियम लागू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात किसनने रघुनाथला लिहिलं, "तुझं म्हणणं असं की मी गाढव आहे. बरोबर मांडलं का?"

रघुनाथचं उत्तर आलं, "बरोबर मांडलं."

दोघांनीही नियम पाळला होता. मंदाताईला काही करता येईना.

*

बाळारामने कंपनीत सांगितलं असावं. मोहोपाड्याच्या एका कॉलनीतून बोलावणं आलं की आमच्या ग्रुपमध्येही फार भांडणं आहेत, येऊन सांगा. येसूबाई, मंदाताई आणि मी टेंपोने गेलो. मी जिथे आयुष्यभर ड्युटी केली त्याच बाजूची कॉलनी. तिथे सगळं व्यवस्थित. खुर्च्या, माइक, पाण्याच्या बाटल्या. चिठ्ठ्या नाहीत, नावं कॉम्प्युटर काढणार होता.

कॉम्प्युटरने पहिलंच नाव काढलं ते कॉलनीच्या सेक्रेटरींचं. लोक कुजबुजले. सेक्रेटरी भले माणूस, म्हणाले परत काढा. परत काढलं, परत तेच. ते घामाघूम झाले. स्वतःच्या आईची शपथ घ्यायला लागले.

येसूबाई शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडं एसटी येत नाय का?"

*

आता शेवटचा.

दुसरी सभा आम्ही पाण्यावर घेतली. नळाचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. टाकीखाली व्हॉल्व बसला. आता एक दिवस वरच्या आळीला आधी पाणी, एक दिवस खालच्या. सुजाताने वाहत्या नळाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली नीलेशचं नाव लिहून हात जोडले. पण मला सांगायचंय ते सभेचं.

या वेळी चिठ्ठ्या सभेच्या दिवशीच काढल्या. कंडक्टर लवकर आले होते. डब्यात हात घालून त्यांनी माझं नाव वाचलं. पुढच्या काही चिठ्ठ्या गेल्या, आणि मग त्यांनी दत्तूचं नाव वाचलं. दत्तू उंबराखाली होता. हलला नाही. कंडक्टरांनी परत वाचलं, जरा मोठ्याने, झोपलेल्या प्रवाशाला उठवतात तसं. मग तो आला. सतरंजीच्या अगदी काठावर बसला.

पाण्याची ओळ माझ्या फोनवरून गेलेली, सदस्य त्याचा मुलगा. सावड आमचीच लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. मंदाताई म्हणाली, दत्तूकाका, आधी तुम्ही.

दत्तू बोलका माणूस, पण त्या दिवशी त्याला सुरुवात सापडेना. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शितारामचं म्हणणं असं हाय. टाकी आमच्या आळीला. पाणी सोडलं का पयलं आमच्याकडं येतं. आमची भांडी भरतात, कपडे होतात, म्हशी धुवून होतात. मग याच्या आळीत नळ सोडला तर आदी नुसतं फुस्स करतो."

तो थांबला. आम्हाला वाटलं, झालं.

"याचा बाप विहिरीपाशी भांडं ठेवून बसायचा," दत्तू म्हणाला. "वरून कोणी वाढलं तर पाणी. मी ल्हान होतो, आईच्या संगती जायचो. आई वाढायची. पण रोज नाय." तो सतरंजीचा दोरा ओढत होता. "आता नळाला पण तशीच वाट बघायची का, असं शितारामचं म्हणणं हाय."

ग्रुपवर असं कोणीच लिहिलं नव्हतं. मी घरातही कधी बोललो नव्हतो. सुजाता बायकांत मागे बसली होती, ती माझ्याकडे बघत राहिली.

मंदाताईने विचारलं, सितारामकाका, बरोबर मांडलं का? मला वेळ लागतो. त्या दिवशी जास्त लागला. कोणी घाई केली नाही.

मी म्हटलं, "मी एवढं म्हणलोच नव्हतो."

कोणीतरी म्हणालं, म्हणजे चुकीचं?

"नाय," मी म्हटलं. "बरोबर मांडलं."

मग माझी पाळी. माझं वाक्य घरून निघतानाच जमवायला घेतलं होतं. म्हणजे खरं तर लावणीपासून. मी म्हटलं, "दत्तूचं म्हणणं असं हाय. पंप जळला तवा त्याच्या नीलेशनं मोटर आपल्याच टेंपोत घालून कर्जतला नेली. व्हॉल्व बसवा म्हणून तोच ऑफिसात खेटे घालतोय, ते कोणाला दिसलं नाय. दिसलं ते ग्रुपवरचं. पोरगं धड जेवत नाय, आणि ते जेवत नाय म्हणून बाप जेवत नाय." मी श्वास घेतला. "आणि ते सुरू झालं माझ्या फोनवरून. परक्याच्या फोनवरून आलं असतं तर दत्तूला एवढं लागलं नसतं."

एवढं मी एका दमात आयुष्यात कधी बोललो नव्हतो. बाहेर एसटी अजून उभी होती. कंडक्टर पायरीवर बसून ऐकत होते.

मंदाताईने हळूच विचारलं, "दत्तूकाका, बरोबर मांडलं का?"

दत्तू खालीच बघत होता. दोरा ओढून ओढून त्याने हातात गुंडाळला होता.

"अर्धं मांडलं," तो म्हणाला.

मंदाताईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. माझ्याजवळ आणखी वाक्य नव्हतं.

दत्तूने मान वर केली आणि बायकांच्या बाजूला, मागे, सुजाताकडे बघितलं.

"साखरेचं राहिलं."